हरणाच्या मोसमाआधी: जुन्या आणि नव्या शिकाऱ्यांनी एकमेकांकडून कसे शिकावे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग या सणाच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा मोसम सुरू होतो आणि साडेपाच लाखांच्या आसपास माणसे परवाना घेऊन रानात उतरतात. त्यांच्यात वर्षानुवर्षे एकाच टेकडीच्या उतारावर बसत आलेले म्हातारे असतात, तसेच यंदाच पहिल्यांदा बंदूक हाती घेतलेले तरुणही असतात. दोघांनी जोडीने जाण्याची प्रथा जुनी आहे, पण म्हाताऱ्याने सांगायचे आणि पोराने ऐकायचे एवढाच पूर्वी तिचा मामला होता, आणि आता तेवढ्यावर भागत नाही. नियम बदलले, हरणांत नवा रोग आला, नोंदणीची पद्धत बदलली, मचाणावर बसण्याची साधने बदलली. या सगळ्याची माहिती बहुधा तरुणाला अधिक असते, तर वारा, उतार आणि सावजाची चाल यांबाबत म्हाताऱ्याच्या जवळपासही तो पोहोचलेला नसतो.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये आला आणि शिकार हा प्रकार बहुतेक घरांच्या आठवणीतूनही गेला. त्यामुळे या राज्यात स्थायिक झालेल्या मराठी घरातली मुलगी मैत्रिणीच्या आजोबांबरोबर रानात जायचे म्हणते, तेव्हा तिला चार गोष्टी सांगायला घरात कोणी वडीलधारे नसते. अशा घरांसाठी, आणि अशा मुलीला सोबत नेणाऱ्या आजोबांसाठीही, हे मार्गदर्शन लिहिले आहे. ही देवाणघेवाण नुसत्या गप्पांतून होत नाही, असे माझे ठाम मत आहे. कोणते काम कोणी करायचे आणि कोणी शेजारी उभे राहून पाहायचे, हे आधी ठरवले, तरच ती होते.

कोण कुठे शिकले, हे आधी विचारावे

१ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला विस्कॉन्सिनमध्ये शिकारीचा परवाना काढण्यापूर्वी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना ही अट नाही. याचा अर्थ असा की जोडीतला जो अनुभवी, त्यानेच हा अभ्यासक्रम कधी केलेला नसण्याची शक्यता मोठी असते. त्याने बंदूक वडिलांकडून किंवा काकांकडून घेतली आणि त्यांच्या चांगल्या सवयींबरोबर वाईट सवयीही उचलल्या. हा त्याचा दोष नव्हे, पण ही गोष्ट दोघांनाही माहीत असायला हवी. त्यावर सोपा उपाय म्हणजे तरुणाचा अभ्यासक्रम चालू असताना म्हाताऱ्याने त्याची उजळणी घ्यावी. घोकून घेण्याच्या निमित्ताने त्याचेही वाचून होते आणि कोणी कोणाला शिकवत असल्याचा आव आणावा लागत नाही.

ज्याने अभ्यासक्रम केलेला नाही, त्याला मार्गदर्शकासोबत शिकार करण्याची मुभा या राज्यात २००९ पासून आहे. मार्गदर्शक किमान १८ वर्षांचा असावा आणि तो शिकाऊ माणसापासून हात पोहोचेल इतक्याच अंतरावर असावा, असा नियम आहे. ‘मी पलीकडच्या मचाणावर आहे, काही लागले तर हाक मार’ हे या नियमात बसत नाही. राज्याचे नैसर्गिक साधनसंपत्ती खाते ‘लर्न टू हंट’ या नावाने नवशिक्यांसाठी शिबिरेही घडवून आणते. ज्यांच्या ओळखीत कोणी शिकारी नाही, त्यांनी तिथून सुरुवात करावी.

एक गोष्ट मराठी वाचकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसलेल्या, म्हणजे एच-वन-बीसारख्या व्हिसावर राहणाऱ्या माणसाला बंदूक जवळ बाळगण्यास अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. शेजाऱ्याने प्रेमाने बंदूक हातात दिली तरी हा कायदा लागू होतोच, म्हणून आपली स्थिती नेमकी काय आहे हे वकिलाला विचारूनच पुढचे पाऊल टाकावे.

रान वाचण्याचे काम ऑगस्टपासून

नोव्हेंबरच्या पहाटे काळोखात, थंडीने दात वाजत असताना, कोणी काही शिकत नाही. शिकण्याचा काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर हा असतो, जेव्हा हातात बंदूक नसते आणि बोलायला बंदी नसते. दोघांनी मिळून जागा पायाखाली घालावी. या फेऱ्यांत पुढे तरुणाने चालावे आणि म्हाताऱ्याने मागून यावे. पुढे चालणाऱ्याला वाट निवडावी लागते, त्यामुळे त्याचे लक्ष जमिनीवर राहते. मागच्याला मात्र तो कशावरून न पाहताच पुढे गेला, हे नेमके दिसते.

पाहण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. नराने शिंगे घासून साल काढलेली कोवळी खोडे, माजाच्या काळात खुरांनी उकरलेली आणि वर लोंबणाऱ्या डहाळीखाली सापडणारी मातीची उघडी जागा, ओली किंवा वाळलेली लेंडी, ओकच्या झाडाखाली पडलेली फळे, दोन झाडींना जोडणारी अरुंद पट्टी. या खुणा कोणत्याही पुस्तकात सापडतात. पुस्तकात सापडत नाही ती गोष्ट म्हणजे त्यांतली कोणती खूण यंदाच्या मोसमात कामाची आहे. म्हणून म्हाताऱ्याला ‘कुठे बसावे’ एवढेच विचारून थांबू नये. जिथे खुणा भरपूर आहेत अशा जागी उभे राहून ‘इथे का बसत नाही?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला एक बोट दाखवून उत्तर मिळते. दुसऱ्या प्रश्नाला मात्र कारणे मिळतात: इथे रात्रीच चरायला येतात, इथे पोहोचताना त्यांच्या झोपण्याच्या जागेवरून जावे लागते, इथे पश्चिमेचा वारा खड्ड्यात फिरतो.

वाऱ्याचा विषय थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण पांढऱ्या शेपटीचे हे हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर अधिक भरवसा ठेवते आणि नवशिक्यांचे बहुतेक दिवस याच कारणाने वाया जातात. हवामानाच्या अंदाजात ‘वायव्येचा वारा’ असे लिहिलेले असते, पण उतारावर त्याहून वेगळेच काही चाललेले असते. सकाळी ऊन पडले की जमिनीलगतची हवा तापून उताराने वर चढते. संध्याकाळी ती गार होऊन ओढ्याकडे उतरते. वारा मंद असेल, तर या चढउताराचाच जोर चालतो. त्यामुळे जे मचाण सकाळी उत्तम, तेच संध्याकाळी आपला वास थेट ओढ्यातल्या हरणांच्या पुढ्यात नेऊन टाकते. जुने शिकारी हे अंगात मुरलेल्या सवयीने जाणतात. विचारले, तर ‘संध्याकाळी मी वरच्या ओकाकडे जात नाही’ एवढेच सांगतात. तरुणाने ते वाक्य तिथेच सोडू नये. बारीक भुकटीची पिचकारी किंवा रुईसारख्या मिल्कवीड या झुडपाच्या शेंगेतले तंतू घेऊन त्या ओकाखाली सकाळी एकदा आणि सूर्यास्तापूर्वी एकदा उभे राहावे, भुकटी हवेत सोडावी आणि ती कशी जाते ते पाहावे. पहिले दोन-तीन हात ती सरळ जाते, मग उताराच्या कडेशी अडखळल्यासारखी होते आणि एकाएकी खाली वळते. ते वळण एकदा डोळ्यांनी पाहिले, की म्हाताऱ्याच्या तुटक वाक्यामागचा सगळा हिशेब उलगडतो. कित्येकदा म्हाताऱ्यालाही आपण त्या ओकाकडे का जात नव्हतो, याचे नेमके कारण तेव्हाच पहिल्यांदा शब्दांत सापडते.

या टप्प्यावर तरुणाने द्यायची गोष्ट म्हणजे नकाशा. फोनवरच्या शिकारीच्या नकाशांत प्रत्येक जमिनीची हद्द आणि मालकी दिसते. तीस वर्षांपूर्वी ज्या शेतातून सरळ चालत जाता येत होते, ते शेत आता तुकड्यांत विकले गेलेले असू शकते आणि परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकणे बेकायदेशीर ठरते. ‘तिथे मला सगळे ओळखतात’ हा जुना दाखला नव्या मालकापुढे चालत नाही. म्हाताऱ्याने आपल्या ठेवणीतल्या जागा, पाणथळी आणि ओढा ओलांडायचे उतार बोलून दाखवावेत, आणि तरुणाने ते त्याच जागी उभे राहून नकाशावर टिपावेत. त्याच वेळी एक कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरायला म्हाताऱ्याकडून शिकून घ्यावे, कारण शून्याखालच्या थंडीत फोनची बॅटरी बघता बघता संपते.

झाडाला बांधायच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांबद्दल मी थोडा नाखूश आहे. त्यांचा उपयोग आहे, यात वाद नाही. एखादी वाट हरणे दिवसा वापरतात की रात्री, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही, आणि अनेक जुन्या समजुती त्यांनी मोडीत काढल्या आहेत. पण फोनवर येणारी चित्रे पाहत बसणारा माणूस रानात जायचे सोडतो. कॅमेरा लावायचाच असेल, तर जोडीने लावावा, आणि त्यात काय दिसेल याचा अंदाज म्हाताऱ्याने आधी सांगून ठेवावा. अंदाज चुकला, तर त्याची चर्चा होते आणि शिकणे त्या चर्चेतूनच घडते.

बंदूक, मचाण आणि थांबवण्याचा अधिकार

विस्कॉन्सिनच्या अभ्यासक्रमात चार नियम पाठ करून घेतले जातात: प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजून हाताळावी; नळीचे तोंड नेहमी सुरक्षित दिशेला असावे; आपण कशावर नेम धरला आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करावी; आणि प्रत्यक्ष बार काढेपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवावे. मोसम सुरू होण्यापूर्वी दोघांनी एक करार तोंडी का होईना, पण स्पष्ट शब्दांत करावा. यांतला कोणताही नियम मोडताना दिसला, तर वयाने लहान असलेल्यानेही ‘थांबा’ म्हणावे आणि मोठ्याने कारण न विचारता थांबावे. इथले म्हातारे स्वतःला नावाने हाक मारायला सांगतात, पण आपल्या मुलांच्या तोंडून आजोबांच्या वयाच्या माणसाला अडवणारा शब्द सहज निघत नाही. म्हणून हा करार मोठ्यानेच पुढाकार घेऊन करायला हवा. लहानाने तो मागावा, अशी अपेक्षा धरू नये.

मचाणाच्या बाबतीत तरुणाने हट्ट धरलेला चालेल, किंबहुना धरावाच. मचाणावरून पडणे हे शिकारीतल्या गंभीर दुखापतींचे एक मोठे कारण आहे, आणि ‘इतकी वर्षे पडलो नाही’ असे म्हणणारा माणूस दरवर्षी एक वर्षाने म्हातारा होत असतो. छाती, खांदे आणि मांड्या धरून ठेवणारा पूर्ण अंगाचा पट्टा बांधावा, तो जमिनीवर असतानाच दोराला अडकवावा, शिडीवर नेहमी दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय टेकलेले असावेत, आणि बंदूक रिकामी करून नंतर दोरीने वर ओढून घ्यावी. पट्टा बांधण्याचा सराव घराच्या अंगणात, जमिनीपासून वीतभर उंचीवर करून पाहावा. जाड कोटावरून तो कसा बसतो, हे तेव्हाच कळते.

कानांचेही तसेच आहे. आयुष्यभर कान न झाकता बार काढलेल्या शिकाऱ्याला पाचोळ्यातली पावले ऐकू येईनाशी होतात. बाराचा आवाज अडवणारी आणि बारीक आवाज मोठा करून ऐकवणारी इलेक्ट्रॉनिक कर्णटोपी आता मिळते. एकदा घालून पाहिली, की म्हातारे तिच्याबद्दलचा विरोध सहसा स्वतःच मागे घेतात.

नेमाच्या सरावात मात्र गुरू बदलतो. तरुण टेबलावर बंदूक टेकवून कागदावर सुरेख छिद्रे पाडतो आणि आपल्याला जमले असे समजतो. म्हाताऱ्याने त्याला उभ्याने, गुडघ्यावर, झाडाला टेकून, हातमोजे घालून आणि चार पावले पळवून दम लागलेल्या अवस्थेत नेम धरायला लावावे. ज्या अंतरावर त्याही अवस्थेत गोळी ठरलेल्या वर्तुळात जाते, तेवढेच त्याचे यंदाचे अंतर समजावे.

पोशाखाचा नियम छोटा आहे: बंदुकीच्या मोसमात कमरेवरच्या बाहेरील कपड्यांचा निम्मा भाग तरी झगझगीत नारिंगी असावा. २०१६ पासून झगझगीत गुलाबीही चालतो.

हाक्याबद्दल मात्र मी कडक आहे. काहींनी झाडीतून चालत हरणे उठवायची आणि बाकीच्यांनी पुढे नाकेबंदी करून बसायचे, ही इथली लाडकी पद्धत आहे. तीत बसणाऱ्यासमोर हरीण येते तेव्हा त्याच दिशेला हाकारेही असतात. ज्याचा पहिला मोसम आहे, त्याला हाक्यात बंदूक देऊ नये. त्याला रिकाम्या हाताने हाकाऱ्यांत चालवावे. रान कसे उठते हे त्याला कळते आणि पुढे नाक्यावर बसल्यावर समोरून माणसे येत आहेत याचा विसर पडत नाही.

बार झाल्यावर

शिकारीतले सर्वांत अवघड शिक्षण बार झाल्यानंतर सुरू होते, आणि इथे म्हाताऱ्याला पर्याय नाही. गोळी लागलेले हरीण बहुधा पळते. नवशिक्या धावत मागे जातो आणि दमलेले, आडवे होऊ पाहणारे जनावर पुन्हा उठून दूर निघून जाते. बार झाल्याबरोबर काडतूस बदलावे, हरीण शेवटचे कुठे दिसले ते झाड किंवा खडक मनात पक्का करावा आणि जागेवरून हलू नये. किमान अर्धा तास थांबावे. ही अर्ध्या तासाची शांतता तरुणाला फार जड जाते. म्हाताऱ्याने तेवढ्या वेळात त्याच्याकडून प्रसंग हळू आवाजात वदवून घ्यावा: हरीण कोणत्या बाजूने उभे होते, बाराबरोबर उसळले की पाठ कमान करून चालत गेले, शेपटी वर होती की खाली.

मग पहिले रक्त शोधावे. फिकट लाल आणि फेसाळ रक्त फुप्फुसांचे असते. असे हरीण फार दूर जात नाही. गडद लाल रक्त यकृताचे असू शकते. तिथे आणखी काही तास थांबणे शहाणपणाचे ठरते. हिरवट, उग्र वासाचा अंश दिसला, तर गोळी पोटात लागली आहे. मागे फिरावे आणि सहा-आठ तास किंवा त्याहून अधिक वेळ जाऊ द्यावा. मागाच्या कडेने चालावे, त्यावर पाय देऊ नये. एकाने शेवटच्या थेंबापाशी उभे राहावे आणि दुसऱ्याने पुढचा शोधावा. तो सापडेपर्यंत पहिल्याने जागा सोडू नये. कोवळ्या डोळ्यांना पाचोळ्यावरचा मोहरीएवढा थेंब लवकर दिसतो, म्हणून पुढे तरुणाने असावे. पण थेंब संपले की पुढचा अंदाज म्हाताऱ्याचा: जखमी हरीण बहुधा उतार आणि दाट झाडी धरते, पाण्याकडेही जाते. प्रत्येक थेंबाजवळ कागदाचा कपटा अडकवावा. मागे वळून पाहिले, की कपट्यांची रांग दिशा सांगते. तरुणाने त्याच खुणा फोनवर टिपाव्यात, म्हणजे अंधार पडला तरी शोध तिथूनच पुढे चालू ठेवता येतो. दोरीला बांधलेल्या माग काढणाऱ्या कुत्र्याची मदत घेणे या राज्यात कायदेशीर आहे. ती घेण्यात कमीपणा वाटू देऊ नये.

हरीण मिळाल्यावर पोट उघडण्याचे काम तरुणाने करावे आणि म्हाताऱ्याने फक्त बोलावे. सुरीचे टोक वर आणि दोन बोटे पात्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून, आतडे व मूत्राशय न फोडता कातडे उघडणे, हे पाहून येत नाही, हातानेच येते. बर्फातून ओढत नेण्याचे काम मात्र म्हाताऱ्याला करू देऊ नये. थंडीत अचानक पडणारा हा ताण हृदयविकार असलेल्यांना झेपत नाही. घसरगाडी न्यावी.

मांस, शिसे आणि तपासणी

इथून पुढे पुन्हा तरुणाची पाळी. पूर्वी हरीण गाडीवर टाकून नोंदणी केंद्रावर नेत, तिथे चार लोक भेटत, कोणाला किती मोठे मिळाले याची चर्चा होई. २०१५ पासून नोंदणी ऑनलाइन किंवा फोनवर होते आणि हरीण मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ती करावी लागते. ती तरुणाने म्हाताऱ्याच्या समोर, त्याच्याच फोनवर करून दाखवावी, म्हणजे पुढच्या वर्षी त्याला दुसऱ्याकडे पाहावे लागणार नाही.

शिशाच्या गोळीचा मुद्दा जरा नाजूक आहे. शिशाची गोळी हाडावर आपटली की तिचे बारीक कण जखमेपासून बरेच दूरपर्यंत मांसात पसरतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. रानात टाकलेली आतडी गरुड खातात व त्यांना विषबाधा होते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर १९९१ पासून बंद आहेत. हरणासाठी मात्र निवड ज्याची त्याची आहे. आजोबांशी यावर वाद घालून उपयोग नाही. तांब्याच्या गोळ्यांची एक पेटी आणावी, त्यांच्याच बंदुकीतून त्या कागदावर कशा पडतात ते मोसमाआधी दोघांनी पाहावे, आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर मात्र जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकण्याचा आग्रह नक्की धरावा.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये आढळला. विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग माणसाला झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, पण शिजवल्याने ती प्रथिने नष्ट होत नाहीत, आणि रोग आढळलेल्या हरणाचे मांस खाऊ नये, अशी आरोग्य यंत्रणेची शिफारस आहे. रोगट हरीण बाहेरून धडधाकट दिसू शकते, त्यामुळे ‘मी पाहताक्षणी ओळखतो’ हे जुन्या शिकाऱ्याचे म्हणणे इथे खरे ठरत नाही. तपासणीसाठी मानेच्या वरच्या भागातल्या लसिका ग्रंथी लागतात. राज्याचे खाते ही तपासणी फुकट करते आणि अनेक ठिकाणी मान-डोके ठेवण्याच्या पेट्या चोवीस तास उघड्या असतात. दोन हरणे मिळाली असतील, तर त्यांचे मांस एकत्र दळू नये. प्रत्येक पाकिटावर तपासणीचा क्रमांक आणि तारीख लिहावी, पाकिटे फ्रीजरच्या वेगळ्या कप्प्यात ठेवावीत आणि निकाल येईपर्यंत कोणाला वाटूही नयेत.